बदलायचा होता फक्त प्रोसेसर

व्हिडिओ एडिटिंगचा संगणक एकदम बंद पडत नाही, तो आधी मालकाचा अंत पाहतो. माझ्या संगणकात इंटेलचा २०१५ सालचा, चार कोरांचा (म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या चार गणनाकेंद्रांचा) आय७-६७०० हा प्रोसेसर होता आणि त्याने आजवर निमूटपणे पुष्कळ काम केले, हे मी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. परंतु नव्या कॅमेऱ्याचे फोर-के चित्रण टाइमलाइनवर आल्यापासून त्याने असहकार पुकारला. प्लेचे बटण दाबले की आवाज पुढे निघून जाई आणि चित्र मागे राही; वक्ता भाषण आटोपून खाली बसला तरी पडद्यावर त्याचे तोंड उघडेच असे. प्रोसेसर बदलला की प्रश्न मिटेल, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब सर्वप्रथम सॉकेटने, म्हणजे प्रोसेसर ज्यात बसतो त्या खोबणीने, मोडीत काढला. जुन्या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये ११५१ पिना होत्या. २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीच्या सॉकेटमध्येही बरोबर ११५१ पिना आहेत, पण त्या पिढीचा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या पाटीवर, चालत नाही, कारण त्याला ३०० मालिकेचा चिपसेट, म्हणजे बोर्डवरची साहाय्यक चिप, लागतो. पिनांची संख्या तीच ठेवून सोय मात्र काढून घ्यायची, यामागे जे डोके असेल त्याच्या चिकाटीला माझा नमस्कार. पुढे २०२१ मध्ये १७०० पिना झाल्या, २०२४ मध्ये १८५१. याउलट इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने आपले एएम४ सॉकेट २०१६ पासून वर्षानुवर्षे टिकवले, त्यामुळे त्या गोटातल्या लोकांकडे मी असूयेने पाहत असे.

थोडक्यात, मदरबोर्ड बदलणे आले. मदरबोर्ड बदलला की रॅम बदलणे आले, कारण १८५१ पिनांचे नवे बोर्ड फक्त डीडीआर५, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या पिढीची रॅम, स्वीकारतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदूच असतात, पण मधली खाच किंचित सरकवलेली असते, जेणेकरून गरजवंताने जोर लावूनही जुनी पट्टी आत जाऊ नये. प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर तरी वाचेल अशी आशा होती. तर जुन्या सॉकेटभोवतीच्या भोकांमध्ये ७५ मिलिमीटरचे अंतर आणि नव्यात ७८. एवढा भक्कम, निरोगी कूलर तीन मिलिमीटरांनी नापास झाला आणि तो बसवण्यासाठी वेगळी जोडपट्टी शोधण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

यानंतर सल्लागारांचा काळ सुरू झाला. त्यांत अग्रभागी माझा भाचा होता. तो गेम खेळतो, त्यामुळे संगणकाच्या बाबतीत घरात त्याचा शब्द अखेरचा मानला जातो.

"मामा, तुला कोर किती हवेत?" त्याने विचारले.

हाच प्रश्न मला ज्याने त्याने विचारला. आठ म्हटले तर कीव केली जाई, सोळा म्हटले तर चोवीसचा उल्लेख होई, आणि तेवढ्यात कोणीतरी त्या चोवीसांतले खरे दणकट आठच, उरलेले सोळा किरकोळ कामांचे, असे सांगून पुन्हा मला आठवर आणून सोडी. भाच्याचा स्वतःचा कल एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरकडे होता. त्याच्या ९६ मेगाबाइट कॅशेची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या झटपट स्मृतीची, महती तो तल्लीन होऊन गाई. गेमसाठी ती महती खरीच आहे. माझ्या वक्त्याचे उघडे तोंड मिटवण्यात मात्र तिचा फारसा उपयोग नव्हता.

तुझा कॅमेरा चित्रण कोणत्या स्वरूपात साठवतो, हे मात्र कोणीच विचारले नाही, आणि माझ्या मते सगळी निवड तिथेच ठरते. माझा कॅमेरा एचईव्हीसी (चित्रण दाबून लहान करण्याची एक पद्धत), दहा बिट, ४:२:२ (म्हणजे रंगांचा तपशील जास्त राखणारे) असे चित्रण करतो. या प्रकारात प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहिलेली नसते. बहुतेक फ्रेममध्ये शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच टिपलेले असते. त्यामुळे टाइमलाइनवर मधेच कुठे बोट ठेवले की ती एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला तिच्या आधीच्या, प्रसंगी नंतरच्याही फ्रेम उलगडाव्या लागतात, आणि फोर-केच्या एकेका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. हे उलगडण्यासाठी खास घडवलेला भाग चिपमध्ये असेल तर काम सहज होते, नसेल तर सगळे कोर मिळून घाम गाळतात. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये या नेमक्या प्रकारासाठी तो भाग २०२१ च्या अकराव्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत तो २०२५ च्या ५० मालिकेत आला. माझे कार्ड त्याहून बरेच वयस्कर आहे.

म्हणून इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के ठरला. वीस कोर असल्याचे ऐकून सल्लागारमंडळही समाधान पावले. एवढ्यात भाच्याने बचतीचा मार्ग काढला.

"मामा, २६५केएफ घे. तोच प्रोसेसर, स्वस्तात. फक्त आतले ग्राफिक्स नाही, पण तुझ्याकडे कार्ड आहेच की!"

आता, उलगडण्याचा तो खास भाग त्या आतल्या ग्राफिक्ससोबतच मिळतो. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तेवढीच वगळून उरलेला प्रोसेसर सवलतीत मिळत होता.

मदरबोर्डच्या निवडीबद्दल फार लिहीत नाही, कारण बोर्डांच्या जाहिरातींत काळी चिलखते आणि रंगीत दिवेच अधिक असतात. मला हवी होती ती माहिती पुस्तिकेच्या तळटिपांत दडलेली होती: अमुक एम.टू खाचेत (डिस्क थेट बोर्डवर बसवण्याच्या जागेत) डिस्क लावली तर तमुक साटा पोर्ट (तारेने डिस्क जोडण्याच्या जागा) बंद होतील. जुना प्रोसेसर ६५ वॅटवर संसार करणारा, नवा जोरात आला की २५० वॅटपर्यंत मागतो. तेव्हा दिव्यांपेक्षा वीजपुरवठा सांभाळणारा भाग दणकट असलेला, तीन डिस्कांना जागा देऊनही कोणाचे पोर्ट न हिरावणारा एक निरस दिसणारा बोर्ड मी घेतला. भाचा त्याच्याकडे पाहून हळहळला.

जोडणी झाली, बटण दाबले, पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बोर्डाशी जुळवून घेताना काही मिनिटे लावते, हे मी वाचलेले होते. पण वाचलेले असणे आणि त्या काळ्या पडद्यासमोर शांत बसणे या भिन्न गोष्टी आहेत. अखेर पडदा उजळला. मी तेच भाषण टाइमलाइनवर टाकले. आवाज आणि ओठ प्रथमच एकत्र चालले, वक्ता वाक्यासोबत थांबला, आणि इतके दिवस अडखळण्याआड झाकले गेलेले सत्य स्वच्छ दिसले: चित्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत होते.

"त्यात काय मामा, स्टॅबिलायझेशन लावू," भाचा म्हणाला. मग त्याने केसमध्ये वाकून पाहिले. "फक्त हे ग्राफिक्स कार्ड आता..."