मराठीच्या खणाशेजारी कन्नड पुस्तकं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

शाळेच्या ग्रंथालयात आलेल्या नव्या पुस्तकांबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन दिवस ती डोक्यातून गेली नाही. तुम्ही आमच्याच शाळेत शिकलात, तुमचा मुलगा आता आठवीत आहे. हा राग घरच्या माणसाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मराठी शाळांचा पट घसरत असताना ग्रंथालयात माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून कन्नड पुस्तकं आणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. फोटोत तर ती मराठीच्या खणाला लागून मुद्दाम मांडलेली दिसतात. शनिवारी मुलं कागद चिकटवत बसतात, त्यापेक्षा त्यांच्याकडून एस.एस.एल.सी.चे, म्हणजे दहावीच्या परीक्षेचे पेपर सोडवून घ्या. आणि बेळगावात ठीक आहे, खेड्यात गोष्टीची पुस्तकं वाचून कुणाचं भलं झालंय?

आधी पैशांचं. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एकही कन्नड पुस्तक घेतलेलं नाही. ती एका निवृत्त कन्नड शिक्षकांनी आपल्या घरची दिली. हिशेबाची वही शाळेत आहे, कधीही येऊन बघा. पण या उत्तराआड मला लपायचं नाही. त्यांनी दिली नसती तर मी मागून आणली असती.

मांडणी मी ठरवलेली नाही. १८७६ साली अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी पुस्तकांना आकडे देण्याची जी पद्धत काढली, तीच आपण वापरतो. त्यात हिंदी साहित्य ८९१.४३, मराठी ८९१.४६ आणि कन्नड ८९४.८१४. मधल्या आकड्यांत अरबी, हिब्रू वगैरे भाषा येतात, त्यातलं आपल्याकडे एकही पुस्तक नाही. त्यामुळे मराठीचा खण संपला की कन्नडचाच सुरू होतो. असं झालं याचा मला आनंदच आहे. त्याचं कारण सांगते.

जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीतून येणारी नववीतली मुलगी आहे. नॅशनल बुक ट्रस्ट एकच चित्रपुस्तक वेगवेगळ्या भाषांत काढतं, तसं एक आपल्याकडे मराठीत आणि कन्नडमध्येही आलं. एका दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता, बस उशिरा येणार होती, आणि ही दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून बसली. चित्र तेच, पान तेच. एक बोट मराठी ओळीवर, दुसरं कन्नड ओळीवर. मध्येच अडली. मला म्हणाली, "बाई, हितं ताई लिवलंय आणि चित्रात तर आई हाय. मी चुकून वाचलो काय?"

ती चुकली नव्हती. कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई. आपल्याकडे ती ताई झाली. तिला हे इतकं नवल वाटलं की बस येईपर्यंत तिनं तूप आणि तुप्प, अण्णा, अक्का, शेंगा असे शब्द वहीत उतरवले. दुसऱ्या दिवशी जोंधळा आणि जोळ घेऊन आली, आणि विचारलं, "आपल्यात जोंधळा खरा का ज्वारी खरी?" मी शब्दकोश दाखवला. दादा, तो मराठी शब्दकोश आणल्यापासून कुणी उघडला नव्हता. पानं एकमेकांना चिकटलेली होती, तिनं ती नखानं अलगद सोडवली. आज त्या कोशाची पाठ सैल झालीय, बाइंडिंगला द्यावा लागणार. शेजारी कन्नड पुस्तक नसतं तर तिला मराठी कोशाची गरज कधी पडली असती?

तुम्हाला भीती वाटते ती मला कळते. १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून त्यानं जे सोसलंय ते तुमच्या घरानंही सोसलंय, आमच्याही. मराठीतून कागदपत्रं मिळण्याच्या मागणीत मी तुमच्यासोबत आहे. पण आज शेताचा पहाणी उतारा कन्नडमध्ये येतो आणि घरात तो वाचायची वेळ येते नववीतल्या पोरीवर. ती अडखळली तर त्यानं मराठीचा मान वाढत नाही. धारवाडचे कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलत. त्यांनी कविता कन्नडमध्ये लिहिली आणि १९७३चं ज्ञानपीठ मिळवलं. जी. ए. कुलकर्णी जन्मले आपल्याच जिल्ह्यातल्या एकसंब्यात, उमेदीची वर्षं धारवाडच्या कॉलेजात शिकवण्यात गेली, आणि चारी बाजूंनी कन्नड असताना त्यांनी मराठी कथा लिहिली. दोघांच्याही कानावर दोन्ही भाषा होत्या, म्हणून कुणाची लेखणी अडली नाही.

आता शनिवारच्या उपक्रमांचं. एक गोष्ट तुमची बरोबर आहे. घोषवाक्यांची स्पर्धा घेतली तेव्हा निम्म्या वर्गानं 'वाचाल तर वाचाल' एवढंच रंगवून दिलं. त्यात वेळ गेला, हाती काही लागलं नाही. यंदापासून ती बंद.

पण ओव्यांची वही बंद करणार नाही. मुलांनी आपल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून लिहून आणायच्या, असा तो उपक्रम. पहिल्या खेपेला पोरांनी पाठ्यपुस्तकी मराठीत सुधारून आणल्या होत्या. परत पाठवलं: आजी म्हणते तसंच लिहा, 'मांडून आलो' तर 'मांडून आलो'. त्या वहीला आम्ही रीतसर दाखल क्रमांक दिला, शिक्का मारला, पाठीवर ३९८ची चिठ्ठी लावली. लोकसाहित्याचा तो आकडा. एका मुलाची आजी पालकसभेला आली होती, तिला वही कपाटातून काढून दाखवली. तिला वाचता येत नाही. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही आता हितंच ऱ्हाणार?" मी हो म्हटलं. घरी गेल्यावर तिनं नातवाला बसवून आणखी अकरा ओव्या सांगितल्या.

आणि परीक्षेचं म्हणाल तर ६२५ गुणांपैकी १२५ पहिल्या भाषेचे, म्हणजे आपल्या मुलांसाठी मराठीचे. निबंध आणि पत्र काही गाइड पाठ करून उतरत नाही. तरीही मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संच ग्रंथालयात हवेत ही तुमची सूचना मी घेतली. ते संच घरी दिले जाणार नाहीत, तिथंच बसून सोडवायचे, म्हणजे सगळ्यांना मिळतील.

खेड्याचं मात्र मला पटलं नाही. बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. कणकुंबीकडच्या मुलीला तिथवर रोज कोण पाठवेल? तिच्यासाठी वाचनालय म्हणजे शाळेतली ही एक खोली. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. तुम्हीच लिहिलंय की तुमच्या वेळी कपाटाला कायम कुलूप असे. मी शिकले त्या शाळेतही तसंच होतं, काचेतून नुसती नावं वाचायची. आता कुलूप काढलंय. गेल्या वर्षी सात पुस्तकं हरवली, चार परत आली, एक गाईनं खाल्लेलं आलं. तरी कुलूप लावणार नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की घरी 'किशोर'चे जुने अंक पेटीत पडून आहेत, पण असल्या ग्रंथालयाला देणार नाही. दादा, द्या. आठवीच्या मुलांना ते हवेत, तुमचा मुलगाच दोनदा विचारून गेलाय. फक्त या पावसात आणू नका. उघडीप मिळाली की आधी सावलीत वारा द्या, कसर लागली असेल तर ते अंक वेगळे बांधा, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवा. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाच्या दिवशी मुलं नवा खण मांडणार आहेत. त्याआधी आले तर दाखल करायला चार दिवस मिळतील.