हद्द तपासणाऱ्यांच्या नादी लागू नका

नवा प्रोजेक्ट सुरू करताय? मग भाषा सीच घ्या, ती हद्द तपासत नाही. ॲरेच्या, म्हणजे ओळीने मांडलेल्या मूल्यांच्या, बाहेर पाऊल पडलं की हटकणाऱ्या भाषा पोरासोरांसाठी. तुम्ही मुरलेले डेव्हलपर. बफर, म्हणजे डेटा ठेवायची मेमरीतली जागा, किती लांब आहे हे तुमच्या लक्षात असतंच, रिलीजच्या रात्री दोन वाजता तर जरा जास्तच.

इनपुट घ्यायला खुशाल सीमधलं 'गेट्स' हे फंक्शन वापरा. समोरून किती अक्षरं येणार हे ते विचारतसुद्धा नाही, इतकं भिडस्त. १९८८ साली मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम ज्या वाटांनी इंटरनेटभर पसरला, त्यातली एक हीच. पुढे सीच्या २०११ च्या मानकातून 'गेट्स'ला काढलं. तेवीस वर्षं विचार केला. घाई बरी नव्हे.

ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीतल्या हार्टब्लीड नावाच्या चुकीचं मला खास कौतुक आहे. पलीकडून यायचे मोजके बाइट, आणि वर सांगणं, "चौसष्ट हजार पाठवलेत, तेवढे परत दे." सर्व्हरने मोजून बघायचं? छे, आल्यागेल्यावर असा अविश्वास बरा दिसत नाही! मग शेजारच्या मेमरीतलं हाताला लागेल ते द्यायचं: पासवर्ड, सेशन कुकी, कधी सर्व्हरची खाजगी कीसुद्धा. मार्च २०१२ च्या आवृत्तीतून बाहेर पडलेली ही चूक एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. सोर्स कोड या काळात सगळ्या जगाला वाचायला खुला होता.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की, त्यांच्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गोंधळातून येतात. उघड आहे, त्यांना चांगली माणसं मिळत नसणार. तुमच्या ऑफिसात आहेत.

"सगळं पुन्हा लिहायला दहा वर्षं लागतील" हे मीटिंगमध्ये ठासून सांगा. अँड्रॉइडचा विषय मात्र निघू देऊ नका. तिथे जुना कोड बराचसा जागेवर ठेवून फक्त नवा कोड रस्ट, कोटलिनसारख्या मेमरी सांभाळणाऱ्या भाषांत लिहीत गेले, आणि मेमरीच्या दोषांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ वर आला. त्याऐवजी लॉगफोरजे या जावातल्या, लॉग म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचा विषय काढा. जावा मेमरी सांभाळते, तरी २०२१ मध्ये लॉगमध्ये आलेली एक ओळ वाचून ती लायब्ररी परक्या सर्व्हरवरचा कोड आणायला निघालीच ना? एक उपाय सगळ्या रोगांवर चालत नाही, तर तो घ्यायचाच कशाला?

एवढं करूनही वरून हुकूम आलाच, तर रस्ट घ्या. कंपायलर अडवेल तिथे रॉ पॉइंटर, म्हणजे कंपायलर न तपासणारा मेमरीचा पत्ता, वापरा आणि भोवती 'जबाबदारी माझी' म्हणणारा अनसेफ ब्लॉक टाका. रेझ्युमेत रस्ट लिहायला मोकळे.