वऱ्हाडात शेव्हर

प्रवासात काय जपायचं याची यादी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: तिकीट, पाकीट, दागिने आणि खिडकीची जागा. या यादीत विजेच्या शेव्हरचं नाव नाही, म्हणून त्याचे हाल होतात. आधीच्या पिढीतले पुरुष रेझर, ब्लेडचं पाकीट, ब्रश आणि साबणाची वाटी एका पिशवीत कोंबून काशीला जाऊन यायचे. त्यात मोडण्यासारखं काही नव्हतंच. ब्लेड बोथट झालंच तर स्टेशनबाहेरच्या टपरीवर दुसरं मिळायचं. शेव्हरच्या पात्यांवर बसणारी भोकाभोकांची जाळी कुठल्याच टपरीवर मिळत नाही. ती मागवावी लागते, आणि तिची किंमत कळली की उरलेलं मशीन कंपनीने फुकटच दिलं असावं, असा संशय येतो.

या जाळीतच सगळा जीव. छपाईचा साधा कागद मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड असतो, जाळी त्याहूनही पातळ. तिला पातळ असण्यावाचून गत्यंतर नाही, कारण पात्याला केस जितका मुळाशी सापडेल तितका गाल गुळगुळीत. जाळीला जरासा पोचा आला की खालची पाती तिथेच घासत राहतात, घासून घासून भोक पडतं, भोकाची कड गालात रुतते आणि माणूस लग्नाच्या फोटोत हनुवटीवर कापूस लावून उभा राहतो. जाळीच्या रक्षणासाठी कंपनी प्लॅस्टिकची एक टोपी देते. ही टोपी बॅगेची चेन लावेपर्यंत जागेवर असते. सोबत एक मऊ थैलीही मिळते. ती जाळीला धुळीपासून वाचवते, लाडवांच्या डब्यापासून नाही.

आमच्याकडे बॅग भरण्याचं खातं बायकोकडे आहे. बॅगेत हवा शिल्लक राहणं तिला मान्य नाही. ‘अहो, एवढंसं तर मशीन, कुठेही बसेल,’ असं म्हणून ती ते चिवड्याचा डबा आणि माझे बूट यांच्यामध्ये बसवते, आणि वरून गुडघा देऊन चेन ओढते. त्या गुडघ्याखाली काय काय गेलं असेल या विचाराने मला अकोल्यापर्यंत झोप लागत नाही. म्हणून यंदा मामेभावाच्या मुलाच्या लग्नाला निघताना मी मशीन चष्म्याच्या जुन्या, टणक पेटीत घातलं, पेटी लोकरी मोज्यात घातली आणि मोजा साड्यांच्या घडीत सरकवला. इस्त्री केलेल्या साड्यांवर ती गुडघा देत नाही, एवढा तिचा अभ्यास संसारात झालेला आहे.

जाळीचा बंदोबस्त झाला, पण बटणाचं काय? हे बटण बोटाने दाबलं तर कधी कधी ऐकत नाही, आणि बॅगेतल्या टूथपेस्टने टेकून बसलं तरी लगेच ऐकतं. मागे एकदा मनमाडच्या आसपास, डबा गाढ झोपलेला असताना, आमच्या बर्थखालून घूं सुरू झालं. कुणाचा तरी फोन वाजतोय म्हणून चारपाच जणांनी उशीखाली चाचपून पाहिलं. समोरचे आजोबा उठून बसले.

‘तुमच्या बॅगेत काय आहे हो?’

‘दाढीचं मशीन.’

‘रात्री दोन वाजता?’

याला काय उत्तर द्यायचं? बरं, उतरेपर्यंत बॅटरी संपणार आणि ती भरायचीही सोय नाही, कारण बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. यावर उपाय म्हणून मशीनला प्रवासाचं कुलूप असतं: बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की छोट्या कुलपाचं चित्र उजळतं आणि मशीन गप्प बसतं. विमानाने जाणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं. आत लिथियमची बॅटरी असते, त्यामुळे चेक-इनच्या बॅगेत टाकायचं तर मशीन पुरतं बंद हवं आणि आपलं आपण सुरू होणार नाही अशी तजवीज हवी. जवळच्या बॅगेत मात्र ते खुशाल नेता येतं. सुटी ब्लेडं नेता येत नाहीत. वडिलांच्या रेझरवर माझ्या मशीनने मिळवलेला हा एकमेव निर्विवाद विजय.

हे यंत्र बाजारात आणणारे जेकब शिक अमेरिकी लष्करातले. हाडं गोठवणाऱ्या थंडीत पाणी आणि साबण न लागता दाढी कशी करावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९३१ साली, ऐन मंदीत, त्यांनी आपला शेव्हर २५ डॉलरना विकायला काढला. थंडीचा विचार त्यांनी केला, पाण्याचा केला. जानवशाचा केला नाही.

जानवसा म्हणजे एक मोठा हॉल, ओळीने गाद्या, एक आरसा आणि एक प्लग. प्लगमध्ये सकाळी सहापासून एका मागून एक फोन. अशा ठिकाणी मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, शक्य तितक्या गुपचूप मशीन सुरू केलं. पण गुपचूप चालणारा शेव्हर अजून निघालेला नाही. दोन मिनिटांत मागे पाचसहा जण जमले.

‘हे का होय बाप्पा?’ मामांनी विचारलं.

मी सांगितलं. ‘पाहू बरं,’ म्हणून त्यांनी ते हातातून घेतलंसुद्धा. मामांची आठ दिवसांची दाढी म्हणजे ज्वारी कापल्यावर शेतात राहतात ती धसकटं. जाळीवाला शेव्हर रोजच्या बारीक खुंटांसाठी असतो. लांब केस जाळीच्या भोकांत शिरतच नाहीत, नुसते आडवे होतात. मशीन कण्हायला लागलं, तापलं. मामा म्हणाले, ‘दम नाही याच्यात,’ आणि साठ वर्षांच्या सवयीने त्यांनी ते बेसिनच्या काठावर ठाक ठाक आपटलं.

रेझर आपटूनच साफ करायचा असतो हे त्यांच्या हाताला पाठ आहे. हाताची काय चूक! पण त्या दोन ठोक्यांत मला जाळीच्या किमतीतली सगळी शून्यं दिसली. सुदैवाने मूठ आपटली होती, डोकं नव्हे. मी झडप घातली, मशीन केबलला जोडलं आणि जाहीर केलं की ते आता चार्जिंगला लागलंय. पाण्याखाली चालणारी बरीच मशीनं वायर लावलेली असताना सुरूच होत नाहीत. शॉक बसू नये म्हणून त्यांची रचनाच तशी केलेली असते. मामांच्या मागे रांगेत असलेल्या साडूंनी बटण दाबून खात्री करून घेतली. मशीन हललं नाही. कंपनीने माझ्या गालासाठी केलेली ही सोय नातेवाइकांविरुद्ध इतकी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

हा बचाव फार टिकला नाही. नवरदेवाच्या आत्येबहिणीला फोन चार्ज करायचा होता, तिने माझी वायर उपसून बाजूला ठेवली, आणि मशीन पुन्हा सर्वांसाठी खुलं झालं. साडूंनी मिशीची कड कोरून पाहिली. एका चिरंजीवांनी ते हाताच्या लवेवर फिरवलं. कुणी तरी ‘नाकातले निघतात का?’ असं विचारल्यावर मी मशीन काढून घेतलं आणि उरलेल्या अर्ध्या दाढीसकट बाहेर व्हरांड्यात आलो.

तिथे मुलीकडच्यांनी बोलावलेला न्हावी खुर्ची मांडत होता. त्याने माझ्या दोन गालांकडे आलटून पालटून पाहिलं, काही न विचारता वस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड घातलं आणि उरलेला गाल करून टाकला. मानेवरून शेवटचा हात फिरवायला त्याने पेटीतून काढला तो जाळीवाला शेव्हर. माझ्या मशीनपेक्षा जुना, मूठ झिजलेली, जाळी मात्र सपाट, पोचा नाही. पेटीत कात्र्या, कंगवे, पावडरचा डबा असे सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले, आणि त्यांच्यात हा टोपी घालून मजेत. टोपीवरून एक रबर दोन वेढे देऊन आवळलेलं होतं.

मी मोजा, चष्म्याची पेटी आणि साड्यांच्या घडीचा विचार केला. मग त्याच्याकडे एक रबर मागितलं. त्याने मिठाईच्या खोक्यावरचं सोडवून दिलं, आणि दाढीचे सांगितले त्याहून दहा रुपये जास्त घेतले.