कोल्हापूर दीड दिवसात उरकण्याची खात्रीशीर पद्धत

सगळ्यात आधी दिवस नीट निवडा. अंबाबाईला गर्दी व्हायला हवी, त्यामुळे मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा किंवा सुट्टीला जोडून आलेला रविवार. नवरात्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. शक्यतो रविवार-सोमवार असा बेत करा. रविवारी मंदिरात चार तास उभं राहता येतं आणि सोमवारी टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय बंद मिळतं. फेब्रुवारीतला एखादा साधा बुधवार निवडणारे लोक असतात. त्यांना सकाळी अर्ध्या तासात दर्शन होतं आणि मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न पडतो. तो प्रश्न तुम्हाला पडता कामा नये.

गाडी थेट महाद्वार रोडपर्यंत घाला. गुजरी, ताराबाई रोड, महाद्वार हे रस्ते टांगे, पालख्या आणि माणसं यांच्या मापाचे आहेत, तुमची सात सीटर तिथं अडकणार, मागचा भावा हॉर्न वाजवणार आणि पुढचा फुलवाला टोपली हलवणार नाही. हरकत नाही. बिंदू चौकात गाडी लावून दहा मिनिटं चालत जाण्याचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस तुमच्या वाईटावर आहे असं समजा. कारण त्या दहा मिनिटांतच सगळा घोटाळा होतो. उतरल्या उतरल्या समोर जुन्या शहराच्या तटबंदीचा उरलेला तुकडा आणि बुरूज. चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे. हे ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. एवढं वाचायला थांबलात की पुढं भवानी मंडपाची कमान, आत जुना राजवाडा, तुळजाभवानीचं मंदिर, आणि मग मागच्या बाजूनं अंबाबाईचं पूर्वेचं दार. शहराचा निम्मा इतिहास फुकटात अंगावर येतो. गाडीत एसी लावून बसा, काही दिसत नाही.

मंदिरात रांगेतल्या टीव्हीकडे बघत राहा. दर्शन झालं की प्रसाद घेऊन सरळ बाहेर. बाहेरच्या भिंतीला वळसा घालू नका. ती भिंत सरळ नाही, कोनाकोनांनी मोडत जाते, तारकाकृती म्हणतात तशी, आणि प्रत्येक कोनावर सावली वेगळी पडते. त्या कोनांत योगिनी आणि सुरसुंदरी उभ्या आहेत, कुणाच्या हातात वाद्य, कुणाचा चेहरा झिजलेला. खालचं बांधकाम काळ्या दगडाचं आणि वरची शिखरं विटा-चुन्याची, नंतरच्या काळातली, हेही मान वर केली तरच कळतं. मान मोबाइलकडे असावी. मोबाइल आत काढू देत नाहीत, तेव्हा पायांकडे.

आणि एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘हे हेमाडपंती आहे.’ काळा दगड दिसला की म्हणायचं. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबाबाईचं मंदिर त्याच्या आधीचं, चालुक्य-शिलाहार काळाशी नातं सांगणारं. पण कुटुंबापुढं हे वाक्य टाकलं की कुणी उलट विचारत नाही. खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिरात गेलात तर तिथंही चालतं. एकाच वाक्यात शिलाहारांची दोन मंदिरं यादवांच्या खात्यावर जमा.

किरणोत्सवासाठी येणार असाल तर नियोजन आणखी काटेकोर हवं. देवी पश्चिमाभिमुख. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून गाभाऱ्यापर्यंत जातात: पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचावीत अशी अपेक्षा. दोन्ही वेळा एकाच खिडकीतून सूर्य कसा डोकावतो? २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेचं टोक गाठतो. त्याच्या साधारण एकेचाळीस-बेचाळीस दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो, जाताना एकदा आणि परतताना एकदा. ज्यानं गाभाऱ्याचा अक्ष आखला त्याला हा हिशेब ठाऊक होता. आता तुम्ही काय करायचं? नोव्हेंबरचा मुहूर्त धरायचा, परतीच्या पावसाचे ढग उरलेले असताना. क्षितिजावरचा ढगाचा एक पट्टा, हवेतली धूळ किंवा बाष्प, पश्चिमेला वाढलेला एखादा मजला, यांतलं काहीही पुरतं. सगळा सोहळा काही मिनिटांचा असतो. किरणं गुडघ्यापर्यंत येऊन थांबली की मंदिराला दोष द्यायचा आणि मुक्कामाला हॉटेल निवडताना मात्र पश्चिमेला उंच, ‘मंदिराचा व्ह्यू’ असलेलंच निवडायचं.

न्याहारीला मिसळ. कुठली मिसळ खरी यावर वाद घालायचा नाही, पेठेपेठेनुसार उत्तर बदलतं आणि प्रत्येकाचं उत्तर ‘जगात भारी’ असतं. फक्त ब्रेडचे स्लाइस पुढं आले की ‘अहो, पाव नाही का?’ असं मोठ्यानं विचारा. सगळं हॉटेल वळून बघेल. दुपारी तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात खसखस, काजू, तीळ आणि नारळाचं दूध. दूध पडल्यावर आच मोठी राहिली की तो फाटतो, म्हणून चांगल्या खानावळीत तो मंद आचेवरच असतो. तुम्ही तो चार वाट्या ओरपायचा. मग दोन ते पाच झोप. वास्तुकला सूर्यप्रकाशात बघायची असते आणि सूर्यप्रकाश दोन ते पाचमध्येच भरपूर असतो, एवढा साधा धोका जेवणानं टळतो.

झोपेतून उठलात आणि चुकून खासबाग कुस्ती मैदानाकडे भटकलात तर लगेच म्हणा, ‘आज कुस्ती नाही, काय बघायचं?’ आणि परत फिरा. मैदान रिकामं असताना आत जाणं सगळ्यात घातक, कारण तेव्हाच ते कळतं. शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्यारोहणाच्या निमित्तानं युरोपला गेले, रोममध्ये कलोसियम पाहिलं, आणि १९१२ मध्ये इथं हे मैदान उभं राहिलं. पण नक्कल केली नाही. तिथं दगडाचे मजल्यावर मजले, इथं चहूबाजूंनी मातीचा उतार आणि मधोमध हौद, म्हणजे कुस्तीचा आखाडा. सगळ्यात मागं बसलेल्याच्याही नजरेआड पुढच्याचा फेटा येत नाही. खांब नाहीत, छप्पर नाही, हजारो माणसांची नजर एका लाल मातीच्या तुकड्यावर. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि काव घालतात, अंग सोललं तर चिघळू नये आणि पाय घसरू नये म्हणून. हे सगळं समजून घ्यायला पंधरा मिनिटं पुरतात, तेवढ्या वेळात तुमची तीन रील्स होतील.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ सालचं, मूळ नाव पॅलेस थिएटर. पैलवान आणि नट एकाच कुंपणात असावेत ही कल्पना त्या काळच्या संस्थानिकाला सुचली होती. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तिथं गेलात तर ‘अरेरे’ म्हणा, फोटो काढा आणि आपल्या गावातल्या नाट्यगृहाच्या वायरिंगचा विषय अजिबात काढू नका.

आता इंग्रज अमदानीच्या वास्तू. इथं एक युक्ती आहे: तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी बघायच्या, म्हणजे त्यांचा एकमेकींशी संबंध लागत नाही. टाऊन हॉलच्या बागेत मुलांना खेळायला सोडा. समोर रस्त्यापलीकडं सीपीआर दवाखाना, तिथं फक्त आजारी पडल्यावर जा. न्यू पॅलेसला वाघ बघायला जा, पेंढा भरलेले. या क्रमानं गेलं की तिघींचा वास्तुकार एकच, मेजर चार्ल्स मँट, हे आयुष्यभर कळणार नाही. टाऊन हॉल १८७२ ते ७६: टोकदार कमानी, उतरती छपरं, एखादं इंग्लिश चर्च इकडं रस्ता चुकून आल्यासारखं. पुढच्याच वर्षी तोच माणूस न्यू पॅलेसच्या राजवाड्याला हात घालतो आणि चर्च मागं पडतं. काळा घडीव दगड, मधोमध घड्याळाचा मनोरा, गुजरात-राजस्थानकडच्या कमानी, घुमट, त्यात मराठी वाड्याचे धागे. पाच वर्षांत एक इंग्रज अधिकारी विलायती साच्यातून बाहेर कसा पडला, ते या दोन इमारती एकाच दिवशी पाहिल्या तर डोळ्यांनी दिसतं. म्हणून एकाच दिवशी पाहू नका. बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. इमारत कोसळेल या धास्तीनं त्यानं जीव दिला अशी दंतकथा तिकडं सांगतात. तो वारला १८८१ मध्ये, कोल्हापूरचा राजवाडा पुरा झाला १८८४ मध्ये. इमारती अजून उभ्या आहेत. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये रंगीत काचांच्या खिडक्यांत शिवचरित्रातले प्रसंग आहेत आणि आत फोटो काढायला बंदी आहे. फोटो नाही तर थांबायचं कशाला?

टाऊन हॉलच्या आतलं वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं हे आधीच सांगितलं आहे. तरी कुणी मंगळवारी गेलंच, तर पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली ब्राँझची एक लहान मूर्ती तिथं आहे: पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. १९४५-४६ मध्ये त्या टेकडीवर उत्खनन झालं, सातवाहनकालीन वस्ती लागली आणि सापडलेल्या वस्तू ठेवायला हे संग्रहालय सुरू झालं. घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा गावात दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रदेव कुणाच्या गाठोड्यातून आला असेल, या विचारात रात्रीची झोप जाऊ शकते. त्यापेक्षा रंकाळ्यावर भेळ खा. रंकाळा म्हणजे मुळात दगडाची खाण होती आणि काठावरचा शालिनी पॅलेस १९३०च्या दशकातला, एवढं पुरे. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून देतात. तिथं मात्र जा. इथं उपरोध नाही.

खरेदी पहिल्याच संध्याकाळी उरका आणि नवीकोरी चप्पल घालून दुसऱ्या दिवशी पन्हाळा चढा. चप्पल घेताना रंग चकचकीत आणि भाव पाडलेला हवा. शिलाई चामड्याच्या वादीची आहे की खिळे ठोकलेत, वास चामड्याचा येतो की रेक्झिनचा, हे बघत बसू नका. खरी कोल्हापुरी वनस्पतीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची असते, सुरुवातीला कडक असते, अंगठ्यापाशी आणि कानांपाशी, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांपाशी, चावते. तेल लावून घरात आठवडाभर रोज थोडी वापरली की पायाचा आकार घेते. तुमच्याकडे आठवडा नाही. गडाच्या ‘तीन दरवाजा’ या प्रवेशद्वारापर्यंत पोचेस्तोवर फोड येतील, आणि तेच बरं, कारण शेजारीच अंधारबाव आहे. बाहेरून साधी दगडी इमारत, आत तीन मजले, तळाला विहीर आणि मधल्या मजल्यावर गडाबाहेर निसटायची वाट. पाणी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून विहिरीवर इमारतच चढवली आहे. तिथून पुढं अंबरखाना: गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं, बाहेरच्या जिन्यानं वर जाऊन छताच्या भोकांतून धान्य ओतायचं. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात महिनोन्महिने गड तगला तो कशावर, याचं उत्तर या दोन इमारतींत आहे. तुम्ही झुणका-भाकरीच्या टपरीवर बसून ‘इथं काही उरलंच नाही हो’ म्हणा. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, तेवढं पाटीवर वाचा आणि पाटीसोबत फोटो घ्या.

खिद्रापूर बेतात ठेवा, पण शेवटी, दुपारी चारनंतर. साठेक किलोमीटर, जयसिंगपूर-कुरुंदवाडवरून, वाटेत ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या जोड-ट्रॉल्या. हंगामात त्यांच्यामागं लागलात की वेग बैलगाडीचा. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेला फुगवटा आला की रस्ताच पाण्याखाली, तेव्हा तर अवश्य निघा. कोपेश्वराचा स्वर्गमंडप वर गोल उघडा आहे, अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि त्या गोलातून येणारं ऊन खालच्या गोल शिळेकडं सरकत जातं. अंधारात पोचलात की हे काहीच दिसत नाही, फक्त बाहेरचे हत्ती मोबाइलच्या टॉर्चनं मोजता येतात. तेही पुरे होणार नाहीत, कारण रात्रीची गाडी पकडायची आहे.

गाडीत बसल्यावर लगेच, विसरायच्या आत, गावाबद्दल मत लिहून टाका. ‘एका दिवसात आरामात होतं. मंदिर गर्दीचं, राजवाडा ठीक, किल्ल्यावर सोयी नाहीत. मिसळ तिखट.’ पाचपैकी तीन तारे द्या. चौथा तारा चपलेनं खाल्ला म्हणा.