"माल काय, ट्रकने येतोच"

आज संध्याकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरात एका परिचितांकडे चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेले होते. बोलता बोलता होऊ घातलेल्या इंदूर-मनमाड रेल्वेचा विषय निघाला आणि एक बाई म्हणाल्या, "आता कोणाला हवी आहे ती गाडी? पुण्या-मुंबईला विमान जाते, आणि माल काय, ट्रकने येतोच." दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून मी ओटी घेऊन उठले, पण ते चार शब्द घरापर्यंत माझ्यासोबत आले आणि रात्रीचे अकरा वाजले तरी मनातून जात नाहीत.

माल ज्या ट्रकने येतो, त्या ट्रकच्या मागे मी आणि आई एक अख्खी रात्र थांबलो होतो. २०१८ च्या जानेवारीत शिरपूरचे मामा गेल्याचा फोन रात्री आठच्या सुमारास आला. सकाळी नऊला नेणार होते. आईने देवघरातला गंगेचा गडू रुमालात गुंडाळला आणि मिळेल त्या खासगी बसने आम्ही निघालो. सेंधव्याच्या पुढे बिजासनच्या घाटात उतारावर एक ट्रक पुढच्या कंटेनरवर आदळला होता. आमची बस मध्यरात्रीनंतर एक वाजता थांबली, ती सकाळी दहापर्यंत जागची हलली नाही. घाट उतरला की शिरपूर तासाभरावर, आणि आई मांडीवर गडू घेऊन खिडकीतून समोरच्या ट्रकचा मागचा दिवा पाहत बसलेली.

म्हणून मला हे "येतोच" सहन होत नाही. तो कसा येतो, हे आपण कधी पाहतो का? नाशिककडचा कांदा आणि द्राक्षे याच रस्त्याने वर येतात. पिथमपूरच्या कारखान्यांचा माल आणि आपल्या माळव्याची सोयापेंड याच रस्त्याने न्हावाशेव्याच्या बंदराकडे खाली जाते. वाटेत विंध्य आणि सातपुडा, असे दोन डोंगर उतरायचे. तीस-चाळीस टन वजन लांबलचक उतारावर ब्रेकच्या जोरावर धरून ठेवले की ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. त्यात डिझेल वाचवण्यासाठी कोणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा आधारही जातो. त्याच उतारावर, त्याच रांगेत आपली बस, रुग्णवाहिका आणि लग्नाची वऱ्हाडे असतात. मानपूरजवळच्या गणपती घाटात आता उतरण्यासाठी नवा, कमी उताराचा रस्ता झाला आहे, हे मी मान्य करते. पण माणसे आणि माल एकाच अरुंद वाटेने नेण्याचा मूळ हट्ट त्यामुळे सुटलेला नाही.

लोखंडी रुळावरून लोखंडी चाक फिरते, तेव्हा डांबरावरच्या रबरी टायरपेक्षा कितीतरी कमी घर्षण होते. म्हणूनच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते. कंटेनरच्या एका मालगाडीला ४५ वाघिणी असतात आणि त्यांच्यावर वीस फुटी ९० कंटेनर जातात. त्या रात्री मी आईला चहा मिळतो का ते पाहायला बसमधून उतरले आणि रांगेच्या कडेने चालत गेले. ट्रक मोजता मोजता साठाच्या पुढे मोजणे सोडून दिले. मोजले तेवढे सगळे ट्रक मिळून एक मालगाडीसुद्धा होत नव्हती.

आपल्या शहराला हे कोणी नव्याने शिकवावे लागू नये. रेल्वे इंदूरला यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजावर. त्यातून खंडवा-इंदूर मार्ग झाला, पाताळपाणी-कालाकुंडचा घाट फोडला गेला, नर्मदेवर पूल झाला. पुढे त्याच मीटरगेजने आपण अकोल्याला जात होतो, आणि कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद घेतल्याशिवाय गाडी हलली असे आमच्या लहानपणी झाले नाही. तो मार्ग रुंदीकरणासाठी तुकड्यातुकड्याने बंद झाला. आज इंदूरहून रेल्वेने मुंबईला जायचे तर रतलाम, वडोदरा, सुरत असा आठशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा पडतो. रस्त्याने हेच अंतर सहाशेच्या आत आहे. बडवानी जिल्ह्यात तर आजही रेल्वे नाही.

मनमाडच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, ३० नवी स्थानके, १८,०३६ कोटी रुपये, २०२८-२९ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट. एवढे पैसे कशाला, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की घाटात गेलेल्या माणसांचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो? शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार आहेत, हे खरे, आणि त्यांना योग्य मोबदला वेळेवर मिळालाच पाहिजे. शेताच्या बांधापासून दुकानाच्या दारापर्यंत शेवटी ट्रकच लागणार, हेही खरे. पण तो ट्रक पन्नास किलोमीटर चालावा, सहाशे नव्हे.

ट्रकवाल्यांवर माझा राग आहे असे समजू नका. त्या पहाटे आमच्या पुढच्या ट्रकच्या चालकाने आईला पाहिले, काही न विचारता स्टोव्ह पेटवला आणि काचेच्या पेल्यात चहा आणून दिला. "माताजी, तीन रात से सोया नहीं हूँ," एवढेच तो म्हणाला. त्याने ट्रकमधला कांदा इंदूरच्या मंडईत उतरवला होता, आणि तिकडे जे मिळाले ते भरून तो लगेच परत निघाला होता. तो ज्या कांद्यासाठी जागत होता, तो आपल्याच घरच्या भजीत पडतो. रुळावरून तोच माल नेणारा लोको पायलट ठरावीक तासांनंतर उतरतो आणि दुसरा चढतो. या माणसाची पाळी बदलायला कोण येणार होते?

देवी बिजासनचे एक स्थान आपल्या विमानतळाशेजारच्या टेकडीवर आहे आणि दुसरे त्या घाटात. वरून उडणाऱ्याला टेकडीवरची देवी दिसते. बहुतेकांना घाटातल्या देवीला हात जोडूनच पुढे जावे लागते, आणि त्या बहुतेकांत आपल्या सगळ्यांच्या खानदेशातल्या आत्या, मावश्या, मामा येतात. त्यांच्यासाठी विमान नाही.

आम्ही शिरपूरला पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. मामांना नेऊन अडीच तास झाले होते आणि अंगण धुतलेले होते. गंगेचा गडू तसाच, न फोडता परत आला, आणि अजून देवघरात आहे. आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. त्यानंतर ती त्या रस्त्याने गेलेली नाही. वर्तमानपत्रात मनमाडच्या रेल्वेची बातमी आली की चष्मा लावून स्वतः वाचते आणि मला विचारते, "सेंधव्यापर्यंत आली का गं?"

आज घरी आल्यावर तिने हळदीकुंकवाला कोण कोण आले होते, कोण काय बोलले, असे विचारले. मी डाळ आणि पन्हे छान झाले होते, एवढेच सांगितले.