कागद जाळून चिमणी तपासता येत नाही

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला जुन्या घरात लाकडाचा स्टोव्ह बसवायला निघालेल्या माझ्या आतेभावाने परवा एक फॉरवर्ड पाठवला, वर ‘बघ, पटतंय’ असं लिहून. म्हणे, शंभर वर्षं टिकलेल्या विटांच्या चिमणीला लायनर, म्हणजे आतून बसवायची धातूची नळी, कशाला? खाली वर्तमानपत्र पेटवा, धूर वर गेला की चिमणी ठीक. काजळी बटाट्याच्या साली जाळल्या की जाते. बाकी सगळा कंत्राटदारांचा पैसे उकळायचा धंदा.

यातली कागदाची परीक्षा सगळ्यात घातक. धूर वर गेला तर चिमणी तुंबलेली नाही एवढंच कळतं. आतल्या मातीच्या नळ्यांचे सांधे निखळलेत का, उभी चीर गेलीय का, विटांना खेटून लाकडी तुळई आहे का, हे धूर काय सांगणार? शिवाय ती चिमणी टिकली ती उघड्या फायरप्लेसवर. फायरप्लेस खोलीतली भरपूर हवा ओढते, धूर विरळ होऊन भराभर निघून जातो. स्टोव्हची हवा कमी करून लोक लाकूड रात्रभर धुमसत ठेवतात. तो दाट धूर रुंद, गार नळीत रेंगाळतो आणि आतून क्रिओसोट धरतं. काळं, चकचकीत, डांबरासारखं. ते पेटलं की तापमान ११०० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं, आणि चिरेतून आग थेट घराच्या लाकडी सांगाड्याला भिडते. आग नाही लागली तरी त्याच चिरेतून कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास.

अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचं २११ क्रमांकाचं मानक वाचा. नवं उपकरण जोडताना चिमणीची दुसऱ्या पातळीची तपासणी, म्हणजे आत कॅमेरा सोडून पाहणी, करायला सांगितली आहे. मापही दिलंय: घराच्या आतून जाणाऱ्या चिमणीत नळीचं क्षेत्रफळ स्टोव्हच्या धूर बाहेर पडणाऱ्या तोंडाच्या तिपटीहून जास्त नको, बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीत दुपटीहून. स्टोव्हचं ६ इंची तोंड म्हणजे सुमारे २८ चौरस इंच. आतून १२ बाय १२ इंची नळी असेल तर ती पाचपट झाली.

बटाट्याच्या सालींनी थिजलेलं क्रिओसोट निघत नाही. साध्या काजळीला ब्रश पुरतो, याला नुसता ब्रशही पुरत नाही.

कंत्राटदारांबद्दल फॉरवर्डमध्ये म्हटलंय ते थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. लायनर सरसकट लागतोच असं नाही. मातीची नळी धड आणि मापात असेल तर तीच चालते. पण ते कॅमेऱ्याशिवाय ठरत नाही. म्हणून दादा, तपासणारा एक आणि लायनर विकणारा दुसरा ठेव. लायनर लागलाच तर स्टेनलेस स्टीलचा, स्टोव्हपासून थेट चिमणीच्या माथ्यापर्यंत. थोडासा पाइप वर सरकवून काम झालं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.