‘नुसती काडी हलवतो’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

सोसायटीच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर सगळीकडे एक मेसेज फिरतोय, क्लाउस मॅकेला या फिनलंडच्या कंडक्टरबद्दल, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून हातातल्या काडीने सगळ्या वादकांना चालवणारा. 28 व्या वर्षी शिकागो सिम्फनी हा अमेरिकेतला मोठा ऑर्केस्ट्रा त्याच्या हाती दिला, वाजवत काहीच नाही, नुसती काडी हलवतो, देखणा आहे म्हणून मार्केटिंग चाललंय, आणि शेवटी, असली करिअरं आपल्या मुलांसाठी नाहीत. नाशकात व्हायोलिन-कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांचे आईबाप हे खरं मानतात, म्हणून लिहितोय.

वाजवत नाही म्हणे. अहो तो चेलिस्ट आहे, चेलो म्हणजे बसून वाजवायचं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य! हेलसिंकीच्या सिबेलियस अकॅडमीत चेलो शिकला, आणि योर्मा पानुला या कंडक्टिंगच्या गुरूंकडे कंडक्टिंग सुरू केलं तेव्हा तो 12 वर्षांचा होता. पानुलांची पद्धत अशी की विद्यार्थ्याला खऱ्या वादकांसमोर उभं करायचं, व्हिडिओ काढायचा आणि नंतर त्यालाच तो बघायला लावायचा, म्हणजे आपला कुठला हात उगाच हलला ते त्याचं त्यालाच कळतं. 28 व्या वर्षी पोस्टसाठी निवड झाली हे खरं, पण तोवर 16 वर्षं गेली होती की यात.

आता काडीचं. आपल्याकडे मिरवणुकीत ढोल पथकाचा म्होरक्या हात वर करतो आणि अख्खं पथक ठेका बदलतं, ते आपल्याला लगेच पटतं ना? पण तिथे बहुतेकजण एकच ठेका वाजवत असतात, इथे ऐंशी-शंभर माणसं गटागटाने वेगवेगळं वाजवत असतात आणि प्रत्येकाच्या स्टँडवर फक्त स्वतःचा भाग असतो, सगळ्यांचं एकत्र लिहिलेलं फक्त कंडक्टरसमोर. ट्रम्पेटने बासरी झाकली तर ट्रम्पेटवाल्याला ते बसल्या जागी कळतच नाही, समोर उभ्या माणसाला कळतं. आणि खरं काम रिहर्सलमध्ये होतं, प्रेक्षकांना दिसतो तो शेवटचा तुकडा.

मार्केटिंग? मेंगेलबर्ग नावाचे डच कंडक्टर 1895 मध्ये अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ ऑर्केस्ट्राचे मुख्य कंडक्टर झाले, वय 24. तेव्हा कुठलं इन्स्टा होतं. मॅकेला त्याच ऑर्केस्ट्राचा 2027 पासून मुख्य कंडक्टर होणार, आणि तिथे निवडीत वादकांचंही मत धरतात, रोज ज्यांना त्याच्याखाली वाजवायचंय त्यांचं. टीका करायचीच तर त्याच वर्षापासून तो शिकागोपण सांभाळणार, दोन खंडांवर दोन मोठे ऑर्केस्ट्रा, तो प्रश्न रास्त आहे आणि मलाही तो पडतो, एका माणसाचा किती वेळ कुणाला मिळणार? पण फॉरवर्डमध्ये हे नाहीच.

आणि ‘आपल्या मुलांसाठी नाही’ याचा मला खरा राग येतो. जगभर गाजलेले कंडक्टर झुबिन मेहता मुंबईचे, वडिलांनी मुंबईत ऑर्केस्ट्रा उभा केला, ते स्वतः 1954 मध्ये 18 व्या वर्षी व्हिएन्नाला गेले आणि 26 व्या वर्षी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे म्युझिक डायरेक्टर झाले. आपल्या मुलांची अडचण अक्कल किंवा वयाची नाहीये, हात बसवायला समोर वादक लागतात, ते मिळत नाहीत ही आहे. 2006 पासून मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कॉन्सर्ट संध्याकाळी असते, त्यामुळे पंचवटी एक्सप्रेसने त्याच दिवशी परत येणं होत नाही, मुक्काम काढावा लागतो, पण सीझन चालू असेल तेव्हा मुलांना एकदा न्याच, आणि जमलं तर पुढची, अगदी कडेची सीट घ्या, तिथून कंडक्टरचा चेहरा बाजूने थोडा तरी दिसतो.